न झालेल्या खर्चाचा हिशेब

आपल्याकडील मध्यम प्रतीच्या एखाद्या कारखानदाराचे दफ्तर उघडून पाहिले, तर भंगाराच्या भावात किलोमागे आठ आण्यांची घासाघीस करणारा, वाहतुकीच्या बिलातील हमालीची रक्कम दोनदा पडताळून पाहणारा आणि मुनिमाने मांडलेल्या किरकोळ खर्चाच्या पावत्यांवर तांबड्या शाईने शेरे मारणारा हा चाणाक्ष गृहस्थ, विजेचे बिल हाती आले म्हणजे मात्र, शेतकऱ्याने सरकारी सारा भरावा तसे ते मुदतीच्या आत मुकाट्याने भरून मोकळा होतो, असे आढळून येईल. कच्चा माल, मजुरी आणि व्याज या तीन रकमांशी तो आयुष्यभर झुंजत असतो. चौथी रक्कम, म्हणजे वीज आणि इंधन यांची, ही मात्र त्याला वाटाघाटीच्या कक्षेबाहेरची वाटते. ती रक्कम वाटाघाटीने नव्हे, तर मोजणीने कमी होते, हे सांगण्यासाठी जो ऊर्जा-सल्लागार नामक नवा व्यावसायिक गेल्या काही दशकांत आपल्या औद्योगिक वसाहतींतून हिंडू लागला आहे, त्याच्या विद्येचा, त्याच्या अडचणींचा आणि क्वचित् त्याच्या लबाड्यांचाही परिचय करून देणारा हा ग्रंथ आहे.

या उदासीनतेचा दोष एकट्या कारखानदाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. १९१५ साली घाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे टाटांच्या केंद्रात उत्पन्न झालेली जलविद्युत् मुंबईच्या कापडगिरण्यांपर्यंत पोहोचली, पुढे साठाच्या दशकात कोयनेची वीज सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना खेळू लागली, आणि या साऱ्या कालखंडात उद्योजकासमोर प्रश्न असे तो वीज मिळेल की नाही हा. मिळालेली वीज आपण कशी वापरतो, हा प्रश्न विचारण्याची फुरसत व गरज त्याला नव्हती. या शतकाच्या पहिल्या दशकात भारनियमनाने महाराष्ट्र जेरीस आला, तेव्हाही कारखानदाराने जनरेटर विकत घेतला, डिझेलचे पिंप आणून ठेवले, आणि वीज गेली तरी यंत्र थांबू नये एवढीच तजवीज केली. थांबलेल्या यंत्राचा तोटा डोळ्यांना दिसतो आणि चालत्या यंत्राचा दिसत नाही, हे त्यामागचे साधे कारण होय.

हा न दिसणारा तोटा मोजून, तो कमी करून, त्या बचतीतील वाटा मागण्याचा धंदा आजकालचा आहे असे मानण्याचा प्रघात आहे, पण तो खरा नाही. जेम्स वॅटने स्वतंत्र संघनकाची युक्ती काढून १७६९ साली तिचे पेटंट मिळविले, आणि १७७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनशी भागीदारी करून तो धंद्यात उतरला, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. परंतु या भागीदारांनी आपला मोबदला कसा ठरविला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल परगण्यात तांब्याच्या व कथिलाच्या खोल खाणी होत्या, त्यांत पाणी साचे, आणि ते उपसण्यासाठी न्यूकमेनच्या जुन्या धाटणीची बाष्पयंत्रे रात्रंदिवस चालत. त्या भूमीत कोळसा मुळीच नव्हता, तो समुद्रमार्गे वेल्समधून आणावा लागे, आणि त्यामुळे कोळशाच्या खर्चाने खाणमालकांचे कंबरडे मोडले होते. बोल्टन आणि वॅट यांनी त्यांच्याशी जो करार केला, त्याचे सार असे की, यंत्राचे सुटे भाग व उभारणी यांचा खर्च खाणीने सोसावा, आणि जुन्या यंत्राच्या मानाने नव्या यंत्रात जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा पेटंटाची मुदत संपेपर्यंत आम्हांस द्यावा. ज्याला आज बचतीच्या वाटणीचा करार म्हणून बँकांच्या व सल्लागारांच्या सभांतून नवलाईने मांडण्यात येते, तो करार तो हाच.

आणि त्यातली भांडणेही तीच. नवे यंत्र किती कोळसा जाळते, हे मोजता येत होते. पण जुने यंत्र तेथे असते तर त्याने किती जाळला असता, हे मोजण्याला ते यंत्रच जागेवर उरलेले नव्हते. म्हणून जुन्या यंत्रांच्या कामाची चाचणी घेऊन प्रमाण ठरविण्यात आले, नव्या यंत्राने किती हेलकावे मारले हे मोजणारा गणक कुलूपबंद पेटीत यंत्रावरच बसविण्यात आला, आणि त्या आकड्यांवरून बचतीची रक्कम काढण्याचा शिरस्ता पडला. पहिली काही वर्षे खाणमालक आनंदाने पैसे देत राहिले; परंतु जुन्या यंत्राची आठवण जसजशी पुसट होत गेली, तसतसे त्यांना वाटू लागले की, हा कोळसा तर आपण मुळातच जाळत नाही, मग त्याचे पैसे कोणास व कशासाठी द्यावयाचे? थकबाक्या वाढल्या, पेटंटाला आव्हाने देण्यात आली, कज्जे न्यायालयात गेले. १८०० साली पेटंट संपले, वॅटची माणसे कॉर्नवॉलमधून निघून गेली, आणि यंत्रांकडे कोणी लक्ष देईनासे झाले. मग १८११ मध्ये जोएल लीन नावाच्या एका खाण-व्यवस्थापकाने दर महिन्यास एक पत्रक छापण्यास आरंभ केला; त्यात कोणत्या खाणीवरील कोणत्या यंत्राने एका मापाच्या कोळशात किती पाणी वर उचलले, याचे आकडे नावानिशी दिलेले असत. या पत्रकाने कोणाला दंड केला नाही व कोणाला बक्षीसही दिले नाही. तरी पुढील तीन दशकांत तेथील यंत्रांची सरासरी कामगिरी सुमारे तिपटीवर गेली. शेजारच्या खाणीतील यंत्र आपल्यापेक्षा कमी कोळशात अधिक पाणी काढते, हे चारचौघांत छापून येणे अभियंत्याला पुरेसे झाले असावे. इतिहासकार याला इतर कारणेही देतात आणि ती खोटी नाहीत. परंतु मोजमाप आणि त्याची प्रसिद्धी यांचा त्यातला वाटा मोठा होता, याविषयी मला शंका नाही.

आपल्या देशात या विषयाची जाग खऱ्या अर्थाने आली ती १९७३ च्या तेलसंकटाने. तेलाचे भाव चौपट झाले, १९७८ मध्ये पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन स्थापन झाली, महाराष्ट्रात १९८५ मध्ये महाऊर्जा ही संस्था आली, ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ साली संमत झाला, आणि त्यान्वये १ मार्च २००२ रोजी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी ही केंद्रीय संस्था अस्तित्वात आली. सिमेंट, पोलाद, खत, कागद यांसारख्या मोठ्या उद्योगांना ठराविक मुदतीने प्रमाणित तपासनिसाकडून ऊर्जेचा हिशेब तपासून घेणे बंधनकारक झाले. तपासनिसांसाठी राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. आणि २०१२ पासून आठ उद्योगक्षेत्रांतील ४७८ आस्थापनांना बचतीची उद्दिष्टे ठरवून देऊन, उद्दिष्टापेक्षा अधिक बचत करणाऱ्याने आपली जादा कमाई कमी पडलेल्यास विकावी, अशी बाजारपेठही सरकारने उभी केली. हे सर्व स्तुत्यच आहे. परंतु कायद्याने करावे लागणारे परीक्षण हे पुष्कळदा कायद्यापुरतेच होते. दोनशे पानांचा बांधीव अहवाल कपाटात जातो, आणि तीन वर्षांनी दुसरा येऊन त्याच्या शेजारी बसतो. शिवाय कायद्याच्या जाळ्यात सापडतात ते मोठे मासे. इचलकरंजीचा प्रोसेसवाला, कोल्हापूरच्या शिरोलीतला फाउंड्रीवाला, भोसरीतला यंत्रभाग बनविणारा, यांच्या दारी कायदा येत नाही, पगारी ऊर्जा-व्यवस्थापक ठेवणे त्यांना परवडत नाही, आणि खरी गरज असते ती त्यांनाच. हा ग्रंथ मुख्यत्वे त्यांच्यासाठी आहे.

सल्लागार प्रथम काय मागतो, तर मागील बारा महिन्यांची लाइट बिले. त्या कागदावर करार मागणी, प्रत्यक्षात गाठली गेलेली कमाल मागणी, पॉवर फॅक्टर, दिवसाच्या कोणत्या प्रहरी किती वीज वापरली त्याचे निरनिराळे दर, असा पुष्कळ तपशील असतो, आणि तो वाचता येणारा मनुष्य कारखान्यात पाऊल टाकण्यापूर्वीच काही रक्कम वाचवून दाखवू शकतो. येथे एक इशारा देणे मला अगत्याचे वाटते. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून किलोव्होल्ट-अँपिअर-तासांवर आकारणी होऊ लागल्यापासून कपॅसिटरची नीट निगा राखणाऱ्याचे बिल उतरते, हे खरे. पण त्यामुळे यंत्राच्या पोटात होणारा अपव्यय रतीभरही कमी होत नाही. दर-आकारणीतील बचत निराळी आणि ऊर्जेतील बचत निराळी, आणि पहिली दाखवून दुसरीची दक्षिणा घेणारे सल्लागार मी पाहिले आहेत. भिंतीवरील प्लगमध्ये खोचावयाची ‘वीज वाचविणारी’ चिमुकली पेटी घराघरांत विकणारे तर त्याही पलीकडचे. घरगुती ग्राहकाची आकारणी साध्या युनिटवर होत असल्याने, त्या पेटीतला इवलासा कपॅसिटर त्याच्या बिलात एका पैशाचाही फरक पाडू शकत नाही.

बिलांनंतर पाळी येते ती प्रत्यक्ष पाहणीची, आणि तिच्यासाठी जाणता सल्लागार साप्ताहिक सुट्टीचा दिवस निवडतो. सर्व यंत्रे बंद आहेत, कोणी कामगार हजर नाही, आणि तरीही कॉम्प्रेसर चालू केला असता तो ठराविक वेळाने धापा टाकत लोड होतो व पुन्हा अनलोड होतो; हवा कोणी वापरीत नसता ती जाते कोठे? दीड मिनिट लोड आणि साडेतीन मिनिटे अनलोड असे चक्र आढळले, तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या तीस टक्के हवा निव्वळ गळतीत जाते, हा हिशेब शाळकरी पोरालाही करता येईल. मग साबणाच्या पाण्याची वाटी आणि ब्रश घेऊन पाइपाच्या प्रत्येक सांध्यापाशी, प्रत्येक होजपाइपाच्या क्लिपपाशी बसावयाचे, आणि बुडबुडे येतील तेथे खडूने खूण करावयाची. सात बार दाबावर तीन मिलिमीटर व्यासाच्या एका छिद्रातून जाणारी हवा पुन्हा भरून काढण्यास सुमारे तीन किलोवॅट शक्ती लागते. कारखाना वर्षाचे तीनशे दिवस अहोरात्र चालत असेल, तर त्या एका छिद्राची किंमत साडेएकवीस हजार युनिटांच्या वर जाते, आणि युनिटास आठ रुपये धरले तर ती रक्कम पावणेदोन लाखांच्या घरात येते. दाबून धरलेली हवा ही कारखान्यातील सर्वांत महाग वस्तूंपैकी एक असते, आणि तिचा उपयोग कामगार पाळी सुटताना अंगावरचा बुरादा उडविण्यासाठी करीत असतात. तिला किंमत आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

परंतु त्या कामगाराला केवळ अडाणी समजून पुढे जाणारा सल्लागार फसतो. दाब सातऐवजी आठ बारवर ठेवल्याने वीज सहा ते सात टक्के अधिक लागते, हे पुस्तकातले वाक्य उच्चारून तो दाब खाली आणतो, आणि तो तालुक्याच्या गावाला पोहोचला नाही तोच रात्रपाळीचा फिटर तो पुन्हा आठवर नेऊन ठेवतो. फिटरचे म्हणणे ऐकून घेतले असते तर कळले असते की, शेडच्या दुसऱ्या टोकाला नंतर बसविलेल्या यंत्रापर्यंत अर्ध्या इंचाचा पाइप ओढलेला आहे, तेथे हवा पोहोचेपर्यंत तिचा जीव जातो, आणि त्या एका यंत्रासाठी साऱ्या कारखान्याला जास्तीचा दाब सोसावा लागतो. दोष फिटरच्या हटवादात नसून त्या पाइपात आहे. पाइप बदलला की फिटर आपण होऊन दाब उतरवितो. मोजणीची यंत्रे आता कोणीही विकत घेऊ शकतो. पण रात्रपाळीच्या माणसाशी चहा घेत अर्धा तास बोलण्याची हातोटी विकत मिळत नाही, आणि माझ्या मते या व्यवसायातील निम्मे यश त्या अर्ध्या तासात असते.

फाउंड्रीतही हेच. इंडक्शन भट्टीत लोखंड वितळून चौदाशे-पंधराशे अंशांवर तयार आहे, पण साचे तयार नाहीत. क्रेन दुसरीकडे अडकली आहे, किंवा रसाचा नमुना प्रयोगशाळेत गेला आहे आणि त्याचा निकाल आलेला नाही. तोवर भट्टीचे झाकण उघडे, वरून ज्वालेसारखा प्रकाश बाहेर पडतो आहे, आणि रस थंड होऊ नये म्हणून वीज चालूच आहे. पाहुणे मंडळी हे दृश्य कौतुकाने पाहतात. सल्लागाराने घड्याळ पाहावे. गंजलेले व वाळू चिकटलेले भंगार भट्टीत टाकले की ती वाळूही वितळते, तिची मळी होते, आणि ती मळी काढून फेकून देण्यासाठी विजेचे दाम मोजावे लागतात. येथील उपाय हे नव्या यंत्रापेक्षा कामाच्या आखणीचे आहेत, म्हणजे साचेवाल्याने आणि भट्टीवाल्याने एकमेकांस आगाऊ सांगण्याचे आहेत, आणि म्हणूनच ते अवघड आहेत.

आता या विद्येच्या गाभ्याकडे वळतो. ग्रंथातील तिसरे प्रकरण सर्वांत लांब व सर्वांत रूक्ष आहे ते याचसाठी. समजा, एका फाउंड्रीत दिवे, पंखे, पाण्याचे पंप, कॉम्प्रेसर यांपायी महिन्यास वीस हजार युनिटे उत्पादन होवो न होवो लागतातच, आणि त्याशिवाय दर टनास सहाशे युनिटे लागतात. शंभर टन माल निघाला तर ऐंशी हजार युनिटे, म्हणजे टनास आठशे. मागणी वाढून दोनशे टन निघाला तर एक लाख चाळीस हजार, म्हणजे टनास सातशे. कोणी एक स्क्रूही फिरविलेला नाही, आणि तरी टनामागे शंभर युनिटांची ‘बचत’ झालेली आहे. या दोन महिन्यांच्या दरम्यान कारखान्यात येऊन गेलेला सल्लागार ती आपल्या नावावर बिनदिक्कत मांडील. आणि उलट, खरोखर कष्ट घेतलेल्या प्रामाणिक माणसाच्या वेळी मंदी आली, तर त्याची खरी बचतही वहीत तोट्यासारखी दिसेल. तेव्हा बचत मोजावयाची म्हणजे, सुधारणा झाली नसती तर याच उत्पादनाला, याच हवामानात, याच मालाच्या मिश्रणाला किती वीज लागली असती, हा आकडा आधी बसविला पाहिजे. तो आकडा कोणत्याही मीटरवर दिसत नाही, तो दोन्ही पक्षांनी काम सुरू होण्यापूर्वी मान्य केलेल्या पद्धतीनेच काढावा लागतो. कॉर्नवॉलच्या खाणमालकांची कैफियत या जागी अडली होती, आणि आपल्याकडील बचत-वाटपाचे बहुतेक करार दुसऱ्या वर्षी याच जागी अडतात. पहिल्या वर्षी कृतज्ञ असणारा मालक दुसऱ्या वर्षी म्हणतो की, हे तर आम्हीही केले असते.

मोबदल्याविषयी ग्रंथकर्त्यांचे मत माझ्याहून थोडे सौम्य आहे. ठराविक शुल्क, बचतीतील टक्केवारी, आणि यंत्रविक्रेत्याकडून मिळणारी दलाली असे तीन मार्ग रूढ आहेत. पहिल्यात सल्लागाराला निकालाची चाड राहत नाही, दुसऱ्यात भांडणाची तरतूद करारातच असते. पण तिसरा मार्ग पत्करणारास मी सल्लागार म्हणतच नाही, त्याला विक्रेता म्हणतो, आणि विक्रेता असणे हे काही पाप नव्हे, फक्त त्याने तसे सांगितले पाहिजे. मोटर बदलण्याचा सल्ला पुष्कळदा बरोबरच असतो. वर्षाला सहा हजार तास चालणारी वीस अश्वशक्तीची मोटर तिच्या स्वतःच्या किमतीच्या कितीतरी पट वीज दर वर्षी खाते, आणि दोन-तीनदा रिवाइंडिंग झालेली जुनी मोटर आणखी अधिक खाते. तरीसुद्धा ती मोटर ज्या पंख्याला जोडलेली आहे, त्या पंख्याची निम्मी हवा झडप लावून अडविलेली असेल, तर प्रश्न मोटरीचा नसून पंख्याच्या वेगाचा आहे. वेग एक पंचमांशाने उतरविला की लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते, आणि तेथे नवी मोटर विकणाऱ्याला काही उरत नाही.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात असा आक्षेप घेतला की, इंजिने काटकसरी झाल्याने कोळशाचा वापर घटत नाही, उलट स्वस्त झालेली शक्ती अधिक ठिकाणी वापरली जाऊन तो वाढतो. राष्ट्राच्या हिशेबात त्याचे म्हणणे विचारात घ्यावेच लागते, आणि केवळ सल्लागार नेमून पृथ्वीचे तापमान आवरेल असे या ग्रंथात कोठेही म्हटलेले नाही. एका कारखान्याच्या हिशेबात मात्र त्याचा अर्थ एवढाच होतो की, वाचलेल्या विजेवर त्याने आणखी एक यंत्र चालविले. आणि इचलकरंजीच्या ज्या मालकाने तसे केले आहे, त्याला मी नावे ठेवू शकत नाही.

वाचकास एक सूचना करून हे लांबलेले प्रास्ताविक आवरतो. ग्रंथ हाती घेण्यापूर्वी बारा महिन्यांची बिले आणि त्याच बारा महिन्यांच्या उत्पादनाची नोंदवही शेजारी ठेवावी, म्हणजे उदाहरणातील आकड्यांच्या जागी आपले आकडे घालून पाहता येतील. ज्यांच्याकडे अशी नोंदवही नाही, आणि अशांची संख्या मोठी आहे, त्यांनी तिसरे प्रकरण तूर्त बाजूस ठेवून पहिल्या प्रकरणाच्या अखेरीस दिलेला कोरा तक्ता पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेपासून भरण्यास घ्यावा. सकाळी पाळी बदलतेवेळी मीटरवरचा आकडा आणि आदल्या दिवशी निघालेल्या मालाचे वजन, एवढ्या दोनच नोंदी त्यात करावयाच्या आहेत.